दीड मिलिमीटर

आमच्या भाषेत कुप्पै म्हणजे उकिरडा, मेनी म्हणजे काया.
उकिरड्यावर उगवते आणि कातडीला लावतात,
म्हणून कुप्पैमेनी. की कारण दुसरंच असेल,
मला कुणी विचारलेलं नाही. मी बश्या धुतो.

पाळयंकोट्टैच्या कॉलेजात, जंतूंच्या खोलीत, एकोणीस वर्षं.
काचेच्या बश्या, झाकणासकट,
आधी वाफेत मारायच्या, मग घासायच्या.
आत काय वाढलं होतं ते मला वासावरून कळतं.

इसक्कियम्माळ पीएचडीला आली तेव्हा
तिच्या पिशवीत वही, डबा
आणि पेच्चीअम्मानं मुळांसकट उपटून दिलेला पाल्याचा भारा.
पेच्चीअम्मा बसस्टँडमागे लोकांच्या गळवांवर पाला बांधते.
मीठ घालून चुरडते, थुंकी लावत नाही,
हे ती प्रत्येकाला तीनदा सांगते.

पाला आठ दिवस सावलीत. मग मिक्सर.
मग तीन दिवस मिथेनॉलमध्ये.
बाटली हिरवी, मग काळपट,
वापर सुटलेल्या विहिरीसारखी.
हलवायचं काम माझ्याकडे:
चहाला जाताना एकदा, येताना एकदा.

जंतू मोठ्या इस्पितळातून आला,
कुणाच्या तरी पायाच्या जखमेतला. नावाऐवजी आकडा.
कापसाच्या बोळ्यानं तो बशीभर सारवायचा,
वर कागदाच्या टिकल्या ठेवायच्या, चिमट्यानं,
झोपलेल्या बाळाला तीट लावावी तशा, श्वास धरून.
सकाळपर्यंत तो साईसारखा धरतो.
जिथे धरत नाही, तिथे मोजायचं.

त्या दिवशी वीज गेली. पंखा बंद, टिकल्या सुकेनात.
ती म्हणाली, राहू दे अण्णा, चालतंय.

सकाळी
चौदा!
झाकण न काढता बशी उजेडाला धरली तिनं.
चंद्राला खळं पडतं तसं
काळ्या टिकलीभोवती स्वच्छ रिंगण.
तिनं घरी फोन केला. पेच्चीअम्माला निरोप गेला.
मी दोन वडे जास्त आणले.

ज्ञानदुरै सरांनी बशी फिरवून पाहिली.
"आणि ही कुठली?"
कोपऱ्यातली. तिच्यात पाला नव्हता,
नुसतं मिथेनॉल.
तिच्याभोवतीही रिंगण.
सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.
चष्मा पुसत म्हणाले,
"दारूनं कुणीही मरतं, इसक्की. जंतूसुद्धा."
वडे तसेच राहिले.

पुन्हा सगळं. तीन आठवडे.
टिकल्या रात्रभर पंख्याखाली, मी राखणीला.
नुसत्या मिथेनॉलची टिकली आता गप्प,
साय तिच्या अगदी कडेला टेकलेली.
इस्पितळातल्या महागड्या औषधाची टिकलीही गप्प,
हा जंतू तिला ओळखून होता.
पाल्याची: नऊ.
नवातले सहा कागदाचेच.
उरले तीन. एका अंगाला दीड.

पेच्चीअम्माला सांगायला मी गेलो.
इसक्कीला लाज वाटत होती.
दीड म्हणजे किती रे, तिनं विचारलं.
मी अंगठ्याच्या नखाची पांढरी कड दाखवली.
ती एका पोराचं गळू कढत पाण्यानं धूत होती,
पोरगं शिव्या देत होतं, आई त्याचे हात धरून.
"बरंच आहे की," म्हणाली, "म्हणून तर रोज बदलते."
मग पाला चुरडता चुरडता,
"पण धुण्याचं मोजलंत का?"

नव्हतं मोजलं.

मी ते इसक्कीला सांगितलं. तिनं वहीत लिहिलं,
मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं, वर तारीख घातली.

संध्याकाळी बश्या वाफेच्या भांड्यात रचल्या,
चौदाची, नवाची, काहीच न झालेल्यांची.
एकशे एकवीस अंशाला सगळे सारखेच मरतात,
तिथे मोजपट्टी लागत नाही.

उरलेली मुळं मागच्या आवारात टाकली.
खानावळीचं पिवळं मांजर आलं, त्यांच्यावर लोळलं,
पाय वर करून, डोळे मिटून, बराच वेळ.
ह्याच झाडाला आमच्याकडे पूनैवणंगी पण म्हणतात,
मांजर जिच्या पाया पडतं ती.
त्याची परीक्षा आमच्या खोलीत अजून कुणी घेतलेली नाही.